घाटाखालची जुनी होडी घाटावर आणताना : दुरुस्तीचा क्रम

गुऱ्हाळाची काहील नदीत सोडून पैलतीर गाठणारी माणसे कोल्हापूर भागातल्या जुन्या लोकांनी पाहिलेली आहेत, आणि पंचगंगेत जाळे टाकणाऱ्या अनेक भोयांची भिस्त आजही वल्ह्यावरच असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर मात्र नदीकाठच्या गावांत, तसेच राधानगरी आणि काळम्मावाडीसारख्या जलाशयांच्या काठी, मागे इंजिन टांगलेली फायबरची होडी आपल्याकडे असावी असे अनेकांना वाटू लागले आहे. नवी होडी आणि नवे इंजिन खिशाला परवडत नाही, म्हणून मालवण, देवगड किंवा रत्नागिरीकडची वापरलेली होडी स्वस्तात मिळते का, याची चौकशी सुरू होते. अशी सोळा ते वीस फुटांची होडी आणि तिच्यावरचे आठ-दहा अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन पुन्हा वापरण्याजोगे कसे करावे, हे पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्यांसाठी येथे लिहिले आहे.

माझी पहिली होडी मी उलट्या क्रमाने दुरुस्त केली. इंजिन हाताखालचे वाटत होते म्हणून आधी ते उघडले, त्यावर दोन महिने आणि जवळ होते नव्हते तेवढे पैसे घातले, आणि मग ते होडीवर चढवून बोल्ट आवळू लागलो तेव्हा मागची पाटी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत दबत गेली. तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो : आधी मागची पाटी, मग तळ, आणि इंजिन सर्वांत शेवटी. इंजिनाचा प्रत्येक भाग बदलता येतो किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे यंत्रकामाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, घडवून घेता येतो, पण पाटी आणि तळ कुजलेला असेल तर होडीच नव्याने बांधावी लागते.

विकत घेण्यापूर्वी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात पावसाळी मासेमारी बंदी असते आणि त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तळ पाहायला यापेक्षा चांगली संधी नाही. पाण्यात तरंगणारी होडी पाहून सौदा करू नये, कारण जे पाहायचे असते ते नेमके पाण्याखाली असते.

ज्या उभ्या पाटीवर इंजिन टांगले जाते तिला ट्रान्सम म्हणतात. तिच्या बाहेरून आणि आतून फायबरचा थर असतो आणि मधे लाकूड किंवा प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की मधले लाकूड कुजते, मात्र बाहेरचा थर तसाच तुकतुकीत दिसत राहतो. म्हणून लहान हातोडीच्या दांड्याने सगळी पाटी थोड्या थोड्या अंतरावर ठोकत जावे. निरोगी भागाचा आवाज टणक येतो आणि कुजलेल्या भागाचा बद येतो. फुटके मडके वाजवून पाहणाऱ्याच्या कानाला हा फरक लगेच कळतो. त्यानंतर इंजिन वर तिरके करून त्याच्या खालच्या टोकाला धरून हळूहळू वर-खाली दाबावे आणि दुसऱ्या माणसाने पाटीकडे नजर ठेवावी. पाटी लवत असेल किंवा ती जिथे तळाला मिळते तिथे केसासारखी भेग उघडझाप करत असेल, तर आतले लाकूड गेले आहे असे समजून किंमत ठरवावी. मालक तयार असेल तर आतल्या बाजूने, खालच्या कडेजवळ, पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडून बाहेर येणारा भुसा पाहावा. तो कोरडा आणि फिकट असेल तर ठीक. काळपट, ओलसर आणि आंबूस वासाचा असेल तर पाटी बदलणे आलेच.

तळावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर फार घाबरू नये, त्या बहुधा वरच्या रंगीत थरापुरत्या असतात. होडीत उभे राहून पाय दाबल्यावर लवणारा तळ, आधी कोणी तरी घाईने चिकटवलेली ठिगळे, आणि आसनांखाली भरलेला पाणी प्यायलेला फोम ही खरी दुखणी आहेत. फोम भिजला की होडी विनाकारण जड होते, आणि बुडता बुडता तरंगत ठेवण्याचे त्याचे कामही तो करत नाही. विक्रीची पावती, आधीच्या नोंदणीचे कागद आणि इंजिनावरचा क्रमांक जुळतो की नाही हेही तिथेच पाहून घ्यावे.

आणताना आंबा, फोंडा किंवा गगनबावड्याकडचा घाट चढावा लागतो. इंजिन होडीवर तसेच टांगून आणू नये. ते उतरवून गोणपाटात गुंडाळून वेगळे ठेवावे, कारण घाटातल्या प्रत्येक हादऱ्याचा भार पाटीवरच येतो.

सुकवणे

नवखी माणसे हा टप्पा गाळतात आणि पुढचे सगळे काम वाया घालवतात. होडी शेडखाली, नाळ (पुढचे टोक) वर आणि मागची बाजू खाली राहील अशी ठेवून तळाचे बूच काढावे, भिजलेला फोम उपसून टाकावा आणि किमान चार-सहा आठवडे वारा लागू द्यावा. ओल उरली आहे का हे पाहण्याचा साधा उपाय असा की हातभर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने तळावर घट्ट लावावा आणि एक दिवस ऊन खाऊ द्यावे. आतून दव धरले तर अजून थांबावे. कोल्हापुरात या कामाला दिवाळीनंतरचे आणि होळीपूर्वीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात हवेतली ओल रेझिनला, म्हणजे फायबरचे थर बसवणाऱ्या चिकट द्रवाला, बाधते आणि चैत्र-वैशाखात ते डब्यातच गोठते. थंडीतही सकाळी लवकर काम सुरू करू नये. पारा पंधरा अंशांच्या खाली असताना रेझिन नीट धरत नाही, म्हणून अकरानंतर हात घालावा.

मागची पाटी

पाटीचा आतला फायबर थर कडेने दोन-तीन इंचांची पट्टी सोडून कापून काढावा आणि बाहेरचा थर शाबूत ठेवावा, म्हणजे होडीचा आकार बिघडत नाही. मग छिन्नीने कुजलेले लाकूड पूर्ण खरवडून काढावे. "एवढे चांगले दिसते, राहू दे" हा मोह होतो, पण अर्धवट ठेवलेल्या कुजक्या लाकडातून बुरशी नव्यात शिरते. मोकळ्या झालेल्या जागेचा पुठ्ठ्यावर आराखडा कापावा आणि त्यावरून प्लायवूड कापून घ्यावे. प्लायवूड मरीन दर्जाचे, आयएस ७१० हा शिक्का असलेले घ्यावे. फर्निचरचे प्लायवूड स्वस्त पडते पण दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. अठरा मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवले की छत्तीस मिलिमीटरची जाडी मिळते. त्यापूर्वी इंजिन पाटीला धरून ठेवणाऱ्या शिकंज्याचे (क्लॅम्पचे) तोंड किती उघडते ते मोजून घ्यावे, नाही तर फायबरचे थर चढल्यावर इंजिन बसतच नाही.

चिकटवण्यासाठी मी इपॉक्सी हे रेझिन वापरतो, कारण ते जुन्या पॉलिएस्टर फायबरलाही घट्ट धरते आणि लाकडालाही. मात्र उलटे चालत नाही : एकदा इपॉक्सी लावलेल्या जागेवर पॉलिएस्टर रेझिनचा थर भरवशाचा बसत नाही. पाटीसाठी इपॉक्सी धरले तर तिच्यावरचे आतले थरही इपॉक्सीचेच द्यावेत. प्लायवूडच्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून त्या पातळ इपॉक्सीने दोनदा भिजवून घ्याव्यात आणि मगच पाटी आत बसवून शिकंजे आवळावेत. शिकंजे इतके आवळू नयेत की सगळे इपॉक्सी बाहेर पिळून निघेल.

या सगळ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे भोक म्हणजे बोल्टाचे भोक. दहा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक सोळा मिलिमीटरचे पाडावे, ते इपॉक्सीने पूर्ण भरावे, ते कडक झाल्यावर मधोमध दहाचे भोक पाडावे. अशाने बोल्टाभोवती इपॉक्सीची नळी तयार होते, आणि उद्या बोल्टाशेजारून पाणी झिरपले तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. जुन्या होड्यांच्या पाट्या कुजतात त्या एवढे न केल्यामुळेच. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि त्यांच्या माथ्याखाली पॉलियुरेथेनचे सीलंट लावावे. न्हाणीघरातले सिलिकॉन पाण्याखालच्या जागी टिकत नाही.

तळाची ठिगळे

तळाच्या भेगांसाठी पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंची चटई पुरते. दुरुस्तीची जागा आधी असिटोनने पुसावी आणि मग घासावी. क्रम उलटा झाला तर घासताना पृष्ठभागावरचे मेण आत चोळले जाते. भेगेच्या दोन्ही बाजूंचा तळ उताराने घासून पातळ करत न्यावा, आणि हा उतार जाडीच्या बारा पट लांब असावा. चार मिलिमीटरचा तळ असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे पाच सेंटिमीटर. सरळ खड्ड्यात भरलेले ठिगळ पहिल्या दगडाला सुटते, उतारावर बसवलेले धरून राहते. या घासण्यातली काचेची धूळ फुफ्फुसात आणि अंगावर जाऊ नये म्हणून चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे वापरावेत.

चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची चटई घेतली तर एका चौरस मीटरच्या थराला साधारण एक किलो रेझिन लागते. बाजारात बहुतेक वेळा कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आधीच मिसळलेले रेझिन मिळते आणि आपण फक्त ते कडक करणारा हार्डनर घालायचा असतो, तोही एक ते दोन टक्के, म्हणजे एका किलोला दहा ते वीस मिलिलिटर. कोबाल्ट वेगळे दिले असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालावा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्यांचा भडका उडून स्फोट होतो. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नये. एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त कालवू नये. डब्यात साठलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागते. प्रत्येक थर रोलरने दाबून त्यातली हवा काढावी, आणि शेवटच्या थरावर पॉलिथिन अंथरावे, नाही तर हवा लागलेला पृष्ठभाग दिवसेंदिवस चिकट राहतो.

रंगाबद्दल एवढेच की तो सर्वांत शेवटी द्यावा आणि त्यावर फार पैसा घालवू नये.

इंजिन

कोकणातून आलेल्या इंजिनाच्या पोटात मीठ असते. आउटबोर्डला स्वतःचा रेडिएटर नसतो. ते बाहेरचेच पाणी खालून ओढून सिलिंडरभोवती फिरवते आणि बाहेर टाकते. समुद्रात राबलेल्या इंजिनाच्या या वाटांत क्षाराचे थर बसतात, आणि ॲल्युमिनियममध्ये बसवलेले पोलादी बोल्ट गंजून जागच्या जागी जाम होतात.

सुरू करून पाहण्याचा मोह आवरून प्रथम स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक भोकात चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडावे आणि इंजिन हाताने फिरवावे. मोकळे फिरले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजावे. दोन सिलिंडरचे इंजिन असेल तर आकडा किती येतो यापेक्षा दोन्ही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे जास्त महत्त्वाचे. एक फारच कमी असेल तर पुढे खर्च करण्याआधी हेड उघडून पाहावे.

खालच्या पायातल्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या भागातल्या, गेअरचे तेल काढताना आधी खालचा स्क्रू काढावा आणि मग वरचा. तेल दूध घातलेल्या चहासारखे निघाले तर आत पाणी शिरले आहे, म्हणजे सील गेले. मासेमारीच्या होडीवर याचे नेहमीचे कारण पंख्यामागे (प्रोपेलरमागे) गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन दोरा असतो, जो फिरता फिरता सील कापतो; म्हणून पंखा काढून दांड्याभोवती पाहावेच. नवे तेल भरताना ते खालच्या भोकातून वर चढवावे. वरच्या भोकातून ओघळू लागले की आधी वरचा स्क्रू लावावा आणि मगच नळी काढून खालचा. वरून भरले तर आत हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे घालावेत.

पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचे लहान चक्र असते, त्याला इम्पेलर म्हणतात. जुन्या इंजिनातला इम्पेलर कसाही दिसत असला तरी बदलावा. त्यासाठी खालचा पाय सोडवावा लागतो आणि तिथेच जाम झालेले बोल्ट गाठ घालतात. जोर लावला की डोके तुटून बोल्ट आतच राहतो, म्हणून गंज सोडवणारे तेल टाकून दोन-तीन दिवस थांबावे, भोवतालचे ॲल्युमिनियम सावकाश गरम करावे आणि बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत काढावा. तरीही तुटला तर स्वतः ड्रिल घेऊन झटापट करण्यापेक्षा तो भाग शिवाजी उद्यमनगरात न्यावा. तिथल्या लेथवर बसणाऱ्या माणसाने आउटबोर्ड कधी पाहिले नसेलही, पण ॲल्युमिनियममधला तुटका बोल्ट काढून नवा आटा पाडणे हे त्याचे रोजचे काम आहे, आणि या बाबतीत किनाऱ्यावरच्या मेकॅनिकपेक्षा आपले गाव सरस आहे असे मी बिनदिक्कत म्हणेन.

नवा इम्पेलर बसवताना इंजिन ज्या दिशेने फिरते त्या दिशेने दांडा फिरवत तो आत सारावा, म्हणजे त्याची पाती योग्य बाजूला वळतात. उभ्या दांड्याच्या खाचांना ग्रीस लावावे, पण त्याच्या अगदी वरच्या टोकावर थापू नये. तिथे साठलेले ग्रीस पाय पूर्ण वर बसू देत नाही.

पेट्रोलबद्दल आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको, कारण त्यात मिसळले जाणारे इथेनॉल आपल्याच उसाच्या मळीतून आणि रसातून निघते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबरी नळ्या मऊ करते आणि हवेतली ओल शोषते. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिन नेमके ते आधी ओढते. म्हणून नळ्या, हाताने दाबायचा पंप आणि फिल्टर नवे घालावेत, कार्ब्युरेटर उघडून साफ करावा, आणि वापर नसेल तेव्हा टाकी रिकामी ठेवावी. तेलाचे प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावे. पन्नासास एक असेल तर दहा लिटर पेट्रोलला दोनशे मिलिलिटर. हे तेल टीसी-डब्ल्यू३ प्रकारचे, पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी बनवलेले असावे, मोटारसायकलचे चालत नाही.

पहिली सुरुवात दोनशे लिटरच्या पिंपात, उघड्यावर करावी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्यात बुडेल इतके पाणी भरावे आणि न्यूट्रलमध्ये सुरू करून मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार येते का ते लगेच पाहावे. अर्ध्या-एक मिनिटात धार आली नाही तर इंजिन बंद करावे. कोरडे फिरले तर नवा इम्पेलर काही क्षणांत जळतो. धार येत असेल तर दहा-पंधरा मिनिटे चालवून पाणी बदलावे आणि हे तीन-चार वेळा करावे. पहिल्या पिंपातल्या पाण्याची खारट चव घेऊन पाहणारेही मी पाहिले आहेत. त्याची काही गरज नाही.

गोडे पाणी आणि उंची

समुद्रावरच्या इंजिनाला गंज स्वतःवर ओढून घेणारा जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. गोड्या पाण्यात त्यावर पांढरट कवच चढते आणि त्याचे काम थांबते, तेव्हा तो काढून मॅग्नेशियमचा बसवावा. दुसरी गोष्ट उंचीची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे आणि विरळ हवेमुळे दर तीनशे मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. मालवणात उत्तम चालणारे इंजिन इथे पाच-सहा टक्के कमी ओढते, यात विक्रेत्याने फसवलेले नसते. पूर्ण वेगाला पुस्तिकेत दिलेले फेरे गाठले जात नसतील तर कार्ब्युरेटरशी खेळण्याआधी एक इंच कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पंखा लावून पाहावा. त्याने दीड-दोनशे फेरे वाढतात.

बसवताना इंजिन बरोबर मध्यावर यावे आणि पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा तिच्या फार तर इंचभर खाली असावी. आखूड पायाच्या इंजिनाला सुमारे पंधरा इंच आणि लांब पायाच्या इंजिनाला वीस इंच उंचीची पाटी लागते. पाटी नव्याने बांधतानाच हे जमवून घ्यावे. नुसत्या शिकंज्यांवर विसंबू नये, आरपार बोल्ट घालावेत आणि इंजिनाला होडीशी बांधणारी साखळी ठेवावी.

पाण्यात

पहिली चाचणी बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असताना, संथ साठलेल्या पाण्यात करावी. बरगे काढलेल्या पावसाळ्यात, पंचगंगा गढूळ होऊन धावत असताना नवी दुरुस्त केलेली होडी पाण्यात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. आधी इंजिनाशिवाय, वाळूच्या पोत्यांचा भार टाकून, काठाला दोरीने बांधून तासभर ठेवावी आणि तळ कोरडा राहतो का ते पाहावे. मग इंजिन लावून दोघांनीच जावे. लाइफ जॅकेट, वल्ही, पाणी उपसायचे भांडे आणि इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी या चार वस्तूंशिवाय काठ सोडू नये. होडी किती माणसे पेलते हे नदी शांत असतानाच ठरवून तिच्यावर ठळक रंगवावे. ऑगस्ट २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली, ती क्षमतेहून जास्त माणसे घेऊन निघाली होती.

नदीत केंदाळ (जलपर्णी) असेल तिथे इंजिन थांबवून वल्ह्याने पुढे जावे. ते पंख्यात गुंततेच, शिवाय पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसून इंजिन तापवते, आणि मागची धार बारीक झाली हे चालवणाऱ्याच्या उशिरा लक्षात येते.

यांत्रिक होडीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली करावी लागते आणि जलाशयातली मासेमारी ठेक्यावर असल्याने संबंधित मच्छीमार संस्थेची संमतीही घ्यावी लागते. राधानगरीला अभयारण्याचा भाग लागत असल्याने तिथे वनविभागाकडेही आधीच विचारावे. पहिल्या दहा तासांच्या वापरानंतर पाटीचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि गेअरच्या तेलाचा खालचा स्क्रू जरासा सैल करून पहिला थेंब बोटावर घ्यावा. तो पांढुरका दिसला तर सील पुन्हा उघडावे लागेल.